‘असं अचानक काय झालं?’ नशेने माणूस गेल्यावर दारात येणारे प्रश्न

पहिला प्रश्न चपला काढता काढताच येतो. “असं अचानक काय झालं हो?”

ट्रकने उडवलं असेल तर घरचे तसं सांगतात आणि ऐकणारा कपाळाला हात लावतो. कॅन्सर असेल तर कधी कळलं, कुठे दाखवलं, केमो किती झाले, असं बोलणं पुढे सरकतं. ब्राउन शुगर, इंजेक्शन, गोळ्या किंवा एमडीने (मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीने) माणूस गेलं की घर गप्प बसतं, नाहीतर चार तोंडांनी बोलतं. वडील हार्ट अटॅक म्हणतात, काका फिट आली म्हणतात, आई काहीच बोलत नाही, आणि समोरच्या वहिनींनी पहाटे पोलिसांची गाडी पाहिलेली असते. संध्याकाळपर्यंत चारही उत्तरं कॉलनीभर फिरून एकमेकांना भिडतात. मग जो भेटायला येतो तो सांत्वनापेक्षा खातरजमा करायला येतो.

म्हणून पहिलं काम एकच: घरातल्या सगळ्यांनी सांगायचं एक वाक्य ठरवणं. वेळ असतो. पोस्टमॉर्टेम होऊन बॉडी ताब्यात मिळेपर्यंत शवागाराबाहेरच्या बाकावर कित्येक तास जातात. त्या वेळात मामा, मेव्हणा, चुलतभाऊ, ज्याचं डोकं त्यातल्या त्यात ठिकाणावर आहे त्याने हे काम घ्यावं. आईवडिलांवर टाकू नये. वाक्य ठरलं की घरातल्या प्रत्येकाला, घरकामाच्या मावशींनाही, तेच सांगावं.

वाक्य कसं असावं? सत्य सांगायची तयारी नसेल तरी चालेल असं एक आहे: “काल रात्री गेला. पीएम झालंय, रिपोर्ट यायचाय.” यात एक अक्षरही खोटं नाही, आणि रिपोर्ट यायला महिने लागतात. तयारी असेल तर: “नशेच्या पदार्थाने गेला. चार वर्षं त्यातून बाहेर यायला झगडत होता.” दुसरं वाक्य म्हणायला पहिल्यांदा जीव जातो. पण ते ऐकल्यावर समोरच्याला खोदायला फारसं काही उरत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

‘हार्ट अटॅक’ म्हणणारी घरं आहेत. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ते उत्तर किती महाग पडतं हे आधी कळलेलं बरं. पंचविशीतल्या मुलाचा हार्ट अटॅक म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात: कुठल्या हॉस्पिटलला नेलं, अँजिओग्राफी केली का, घराण्यात कुणाला आहे का? शिवाय त्याचे मित्र स्मशानात आलेले असतात आणि त्यांना सगळं माहीत असतं. तरीही तेच सांगायचं ठरलं, तर निदान चार ठिकाणी ते उत्तर नेऊ नका: डॉक्टर, पोलीस, विमा कंपनी आणि घरातली मुलं. का, ते पुढे येईलच.

निधनाच्या मेसेजमध्ये कारण लिहावंच लागतं असं नाही. नाव, वय, ‘दुःखद निधन’, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, एवढं पुरतं. आपल्याकडे ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द सवयीने पडतात. व्यसनाच्या बाबतीत ते फार विचित्र दिसतात, कारण आजार अल्पसा कधीच नव्हता. ते दोन शब्द गाळा. कुणी विचारणार नाही का गाळले म्हणून.

पोलीस काय विचारतात

दवाखान्यात नेल्यावर ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’ झालेला असेल किंवा नशेचा संशय असेल, तर डॉक्टर पोलिसांना कळवतात. चौकीत अकस्मात मृत्यूची नोंद होते. सगळे तिला ‘एडी’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली व्हायची, आणि जुने हवालदार अजून ‘एकशे चौऱ्याहत्तर’च म्हणतात. एडीची नोंद म्हणजे कुणावर गुन्हा दाखल झाला असं नव्हे. घरच्यांचा इथे फार गोंधळ होतो आणि त्या घाबरटीत खोटं बोललं जातं.

प्रश्न ठरलेले असतात. शेवटचं जिवंत कुणी आणि कधी पाहिलं? काय घेत होता, कधीपासून? उपचार कुठे झाले? आदल्या दिवशी भांडण झालं होतं का? चिठ्ठी आहे का? कर्ज, प्रेमप्रकरण, कुणावर संशय? जे माहीत आहे ते सांगा, आणि अंदाज असेल तर ‘अंदाज आहे’ असं म्हणा. “अमक्यानेच दिलं” आणि “शेवटचा फोन अमक्याचा होता” यांत जमीनअस्मानाचा फरक आहे; पहिलं वाक्य जबाबात गेलं की ते काढता काढता नाकी नऊ येतात. जबाब वाचून घ्या. तारखा, वेळा आणि नात्याचे उल्लेख चुकतात, ते जागीच दुरुस्त करून घ्या. घरातला माणूस नशा करतो हे माहीत असणं हा गुन्हा नाही. गेलेल्या माणसावर खटला चालत नाही.

त्याच्या खोलीचं मात्र सांगायला हवं. बहुतेक घरांत पोलीस यायच्या आत कुणीतरी आत जाऊन पुड्या, फॉइल, सिरिंज, रिकाम्या स्ट्रिप्स कचऱ्यात टाकून येतं. अब्रूसाठी. तसं करू नका. एक तर मालाचा उरलेला भाग घरात राहिला किंवा कुणाच्या खिशात गेला, तर अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली तो त्याच्याकडे ‘सापडला’ असा अर्थ होऊ शकतो. पंचनाम्यात जप्त झाला की तो प्रश्न संपतो. दुसरं, तीच रिकामी स्ट्रिप पुढे प्रयोगशाळेला वाट दाखवते. सिरिंजला हात लावू नका, सुईवर टोपण बसवायला तर मुळीच जाऊ नका. फोनमधले चॅट पुसू नका. पोलीस फोन नेणार असतील तर पंचनाम्यात त्याची नोंद बघा.

निघताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: एडीचा नंबर आणि वर्ष, तपासी अंमलदाराचं नाव, त्यांचा मोबाइल. पुढचे सहा-आठ महिने प्रत्येक खिडकीवर आधी हा नंबर विचारतात.

स्थानिक पेपरचा वार्ताहर चौकीतूनच बातमी उचलतो. त्याचा फोन आला तर बोलायचं बंधन नाही. ‘नाव आणि फोटो नको’ अशी विनंती करावी. तो बांधील नसतो, पण बरेचदा ऐकतात. ‘गर्दुल्ला’ हा शब्द वापरू नका हेही त्याच फोनवर सांगून टाकावं.

‘रिपोर्टमध्ये काय आलं?’

हा प्रश्न वर्षभर येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात टीव्ही मालिकेतला रिपोर्ट असतो. खऱ्या पीएमच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं की मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आहे, व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी जतन केला आहे. नशेने गेलेल्या शरीरात डोळ्यांना दिसेल असं फारसं काही नसतं. फुप्फुसं पाण्याने जड झालेली असतात, अवयवांत रक्त साचलेलं असतं, आणि हे इतर अनेक मृत्यूंतही दिसतं. म्हणून जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात बाटलीबंद करतात. रक्त वेगळं ठेवतात. सीलबंद बाटल्या पोलीस प्रयोगशाळेत पोचवतात. मुंबईत ती कलिन्याला आहे. पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथून जो कागद येतो त्याला सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. तो आल्यावर पीएम करणारे डॉक्टर अंतिम कारण लिहून देतात.

यात अडतं कुठे? बाटल्या पत्र तयार नाही म्हणून चौकीतच राहतात, हे एक. सीए रिपोर्ट चौकीत येतो पण डॉक्टरांकडे अंतिम मतासाठी जातच नाही, हे दुसरं. दोन्हीवर उपाय एकच, महिन्यातून एकदा जाऊन विचारायचं: “बाटल्या पोचल्या का, त्याची पोच आहे का? रिपोर्ट आला असेल तर डॉक्टरांकडे गेला का?”

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी घरं कोसळतात. पहिलं, त्यात ‘मॉर्फीन’ लिहिलेलं असतं. “तो मॉर्फीन कधीच घ्यायचा नाही, बाटल्या बदलल्या!” बाटल्या बदललेल्या नसतात. ब्राउन शुगरमधलं हेरॉइन शरीरात गेल्यावर काही मिनिटांत बदलायला लागतं आणि त्याचं मॉर्फीनच होतं. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचाही काही भाग मॉर्फीन होतो. दुसरं, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. त्याचा अर्थ ‘त्याने काही घेतलंच नव्हतं’ असा काढून काही घरं सुटकेचा श्वास सोडतात, तर काही घरं घातपाताच्या मागे लागतात. निगेटिव्ह म्हणजे ज्या पदार्थांसाठी तपासलं ते त्या नमुन्यात सापडले नाहीत, एवढंच. नवीन कृत्रिम पदार्थ नेहमीच्या चाचणीत निसटू शकतात, नमुना खराब झालेला असू शकतो. म्हणूनच पहिल्या दिवशी काय घेत होता ते खरं सांगायचं आणि स्ट्रिप द्यायची.

आणि रिपोर्ट कधीच सांगत नाही अशी एक गोष्ट आहे: मुद्दाम की चुकून. रक्तात किती सापडलं ते प्रयोगशाळा सांगते, मनात काय होतं ते नाही. चिठ्ठी नाही, निरवानिरव नाही, उलट दुसऱ्या दिवशीचे बेत ठरलेले होते, तर चुकून हेच जास्त संभवतं. तरीही काही घरांत हा प्रश्न उघडाच राहतो. विचारणाऱ्याला “ते आम्हालाही कळलेलं नाही” असं सांगणं हे पूर्ण उत्तर आहे.

मुलाचा मृत्यू अमेरिकेत झाला असेल तर कागदांची तऱ्हा वेगळी. तिथे २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत ओव्हरडोसने दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली बहुसंख्य फेंटानिलसारख्या कृत्रिम पदार्थांनी. त्यामुळे तिथल्या मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या, कचेरीत या प्रश्नाला कुणी दचकत नाही. पण तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेलं असतं. काही राज्यांत कारण नसलेली प्रतही मिळते. इकडच्या बँकेत द्यायला ती मागून घ्यावी.

इथल्या दाखल्याबद्दल लोक उगाच धास्तावतात. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची, आणि महापालिका किंवा ग्रामपंचायत जो दाखला देते त्यावर मृत्यूचं कारण नसतं. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. सोसायटी, बँक, गॅस एजन्सी, रेशनकार्ड, सगळीकडे तोच कागद चालतो. तिथे कारण विचारलं तर “दाखल्यावर आहे तेवढंच” म्हणून गप्प बसावं.

विमा कंपनीची गोष्ट निराळी. ती एडीचे कागद, पंचनामा, पीएम, सीए रिपोर्ट सगळं मागते. तिथे हार्ट अटॅक लिहिलं आणि पीएम वेगळं बोललं की दावा अडकतो, म्हणून तिथे लपवायचं नाही. पॉलिसीला ३ वर्षं पूर्ण झाली असतील तर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे माहिती लपवली या कारणावरून ती नाकारता येत नाही. त्याआधीची असेल तर फॉर्ममध्ये व्यसनाबद्दल काय लिहिलं होतं ते कंपनी बघणारच. अपघाती मृत्यूचा जादा लाभ मात्र नशेखालच्या मृत्यूला साधारणपणे मिळत नाही, त्यावर आशा ठेवू नये. त्याचं बँक पासबुक नीट चाळा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती योजना असते. तिचे दोन लाख मृत्यू कशानेही झाला तरी मिळतात, फक्त सुरुवातीच्या ३० दिवसांत अपघाताशिवायचा मृत्यू धरत नाहीत. २० रुपये कापले असतील तर ती अपघाताची योजना, तिथे हाच प्रश्न पुन्हा येईल.

दहा दिवस

सुतकात घर उघडं असतं, कुणीही येतं. त्यासाठी दारापाशी एक माणूस बसवावा. जावई, आतेभाऊ, जो शांत आहे तो. आलेल्याला तोच दोन मिनिटं थांबवतो, ठरलेलं वाक्य सांगतो आणि मग आत सोडतो: “काकूंना काही विचारू नका, नुसतं बसा.” एवढ्याने निम्मे प्रश्न आतल्या खोलीपर्यंत पोचत नाहीत. आणि उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं हे ज्यांना कळतं, त्यांना हेही कळतं.

जे पोचतात ते साधारण हेच. “संगत कुणाची होती?” “लाड फार झाले का?” “लग्न करून दिलं असतं तर सुधारला असता.” “तुम्हाला कळलं कसं नाही?” यांना उत्तर देत बसलं की वाद होतो, कारण हे प्रश्न नसून निकाल असतात. विचारणाऱ्याला स्वतःच्या मुलाला असं होणार नाही याची खात्री हवी असते, आणि तुमच्या घरात एखादी चूक सापडली की ती त्याला मिळते. हे लक्षात आलं की राग थोडा उतरतो. उत्तराऐवजी काम द्यावं: “दहाव्याला माणसं किती होतील, जरा मोजता का?” मराठी माणूस काम मिळालं की प्रश्न विसरतो.

“त्याने माझ्याकडून वीस हजार घेतले होते” म्हणत येणारेही असतात, कधी तिसऱ्याच दिवशी. “तेराव्यानंतर लिहून आणा, पुरावा जोडा,” एवढंच. वारसाची जबाबदारी गेलेल्याच्या मालमत्तेतून जे हाती आलं तेवढ्यापुरतीच असते. मालाचे पैसे मागायला कुणी आलं तर त्याच्याशी बोलायचंच नाही. तपासी अंमलदाराला फोन. त्याच्या अड्ड्यावर जाऊन जाब विचारायचा विचारही नको.

जिथे खरं सांगितलं जातं तिथे आणखी एक जण हमखास येतो. सगळे गेल्यावर रेंगाळतो, चप्पल घालता घालता हळूच म्हणतो, “आमच्याकडेही आहे हो.” त्याच्यासाठी दाराजवळ चिठ्ठी तयार ठेवावी: १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तेही लिहावं.

पिंडाला कावळा शिवला का, हा दहाव्या दिवसाचा प्रश्न आणि सगळ्यांत क्रूर. घाटावर पन्नास माणसं उभी, पिंड ठेवलेला, कावळा झाडावरून हलत नाही. कुणीतरी ओरडतं, “अरे, आईची काळजी करू नको!” दुसरा म्हणतो, “बहिणीचं लग्न थाटात करू!” आणि मग कुजबुज: इच्छा राहिली असणार, तलफ राहिली असणार. हे शब्द आईच्या कानावर पडतात आणि वीस वर्षं राहतात. आदल्या दिवशीच गुरुजींना सांगावं: दहा मिनिटं वाट बघू, नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिवायचा, हाका मारायच्या नाहीत. शास्त्राला ते चालतं, गुरुजी रोज करतात. बाकी ओंकारेश्वर काय, रामकुंड काय, बाणगंगा काय, सकाळपासून इतके पिंड मांडलेले असतात की अकरा वाजेपर्यंत कावळ्याचं पोट भरलेलं असतं.

एक सावधगिरी याच दहा दिवसांतली. “ताईंना झोप नाही, ही अर्धी गोळी द्या,” असं म्हणत शेजारून स्ट्रिप येते. तिच्यावर बहुतेकदा अल्प्राझोलम लिहिलेलं असतं. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून नशेला विकतात ते हेच औषध. डॉक्टरांनी तपासून दिलं तर घ्या, एरवी परत करा, आणि घरात धाकटा भाऊ असेल तर ती स्ट्रिप टेबलावर पडून राहू देऊ नका.

स्वतःचे प्रश्न

रात्री दोन वाजता जे प्रश्न येतात त्यांना दारातला माणूस अडवू शकत नाही. तिथे शरीरात काय झालं याची माहितीच उपयोगी पडते, म्हणून जरा विस्ताराने.

“व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन आठच दिवस झाले होते. बरा झाला होता, मग कसा गेला?” त्यामुळेच गेला. रोज अफूच्या जातीचा पदार्थ घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते. जेवढ्यावर नवखा मरेल तेवढं तो सहज पचवतो. बंद केलं की ही सहनशक्ती काही दिवसांत, आठवड्यांत उतरते. डोक्यात मात्र जुनंच माप असतं. केंद्रातून, तुरुंगातून किंवा हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. तो कमी घेत होता, एकदाच घेतलं, हे सगळं खरं असू शकतं आणि तरी मृत्यू होतो. शिवाय बाहेरच्या पुडीत किती काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर तिन्ही मिळून श्वासावरच बसतात.

“शेजारच्या खोलीत होतो, कळलं कसं नाही?” कारण आवाज ओळखीचा होता. हेरॉइन किंवा कोडीन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतं. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, घशातून खोल, घरघरीचं घोरणं येतं, मध्येच लांबलचक थांबतं. घरातले दार लोटून घेतात: चला, आज झोपला तरी. ते घोरणं म्हणजे श्वासमार्ग बंद होत आल्याची खूण असते, हे आपल्याकडे कुणी शिकवलेलं नसतं. सावळ्या कातडीवर ओठ निळे न दिसता राखाडी दिसतात, तेही झोपेच्या अंधारात. तेव्हा उठवलं असतं तर वाचला असता का? कदाचित हो. इथे खोटा दिलासा नको. नॅलोक्झोन नावाचं औषध हा परिणाम काही मिनिटांत उलटवतं, पण आपल्याकडे ते दवाखान्यातलं इंजेक्शन आहे, घरातल्या कपाटातलं औषध नाही. जे माहीत नव्हतं ते न केल्याचा हिशोब माहीत झाल्यावर मांडला जातो. त्यामुळे तो कधीच जुळत नाही.

घरात किंवा मित्रांत आणखी कुणी घेत असेल तर हीच माहिती आज कामाची आहे. हाक मारून, छातीच्या हाडावर मूठ घासूनही उठत नाही, श्वास मिनिटाला सात-आठच, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: १०८ ला फोन, काय घेतलं ते खरं सांगणं, श्वास थांबला असेल तर तोंडाने देणं, चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवणं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी बसणं. पाणी, लिंबू, मीठ काही पाजायचं नाही. नॅलोक्झोन दिल्यावर उठला तरी घरी आणायचा नाही. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि शरीरातला पदार्थ शिल्लक असतो.

“त्याला त्रास झाला असेल का?” ब्राउन शुगर, कोडीन, झोपेच्या गोळ्या यांत माणूस आधी बेशुद्ध होतो, श्वास नंतर थांबतो, आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर जी घुसमट जाणवायला हवी तिची जाणीवच हे पदार्थ बोथट करतात. तेव्हा बहुधा नाही. एमडी वेगळं. त्यात ताप भयंकर चढतो, हृदयाची लय बिघडते, झटके येतात. तिथे ‘शांत गेला’ असं म्हणू नये. पीएम करणाऱ्या डॉक्टरांना भेटून नेमकं विचारावं. वेळ मागितली तर बरेच डॉक्टर देतात. प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण समोर गेल्यावर सुचत नाही.

हे प्रश्न आठवडेच्या आठवडे झोपू देत नसतील, किंवा आपणही संपावं असं वाटू लागलं, तर १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा. चोवीस तास, मराठीत, फुकट.

मुलं आणि स्थळं

घरातल्या लहान मुलाला ‘काका झोपला’ किंवा ‘देवाला आवडला’ सांगितलं की ते झोपायला घाबरतं, नाहीतर देवाला आवडू नये म्हणून खोड्या करतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: “काकाने शरीराला फार वाईट असं काहीतरी घेतलं, त्याने त्याचा श्वास बंद पडला. तो परत येणार नाही.” ‘गोळ्या खाल्ल्या’ एवढंच म्हणू नका. सकाळी आजी बीपीची गोळी घेताना पोर किंचाळतं, तेव्हा कळतं काय झालं ते. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगळी, हे त्याच वेळी सांगायचं. “माझ्यामुळे गेला का?” हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण तो असतो, न विचारताच “नाही” म्हणून टाकावं. दहा-बाराच्या पुढच्यांना पदार्थाचं नाव सांगावं. शाळेत त्यांना कुणीतरी सांगणारच आहे.

मग येतात स्थळं. बहिणीची पत्रिका बाहेर पडली की “भाऊ कशाने गेला?” हे पहिल्या बैठकीत नाही तरी दुसऱ्या बैठकीत येतं. मध्यस्थाकडून सांगू नका, तो एकतर गिळतो नाहीतर फुगवतो. साखरपुड्याच्या आधी, समोरासमोर, शक्यतो मुलीनेच मुलाला सांगावं, आणि घरच्यांनी घरच्यांना. दोन वाक्यांत: काय झालं आणि कधी. “मुलीला तर काही सवय नाही ना?” असं विचारणाऱ्यांचं घर आतून कसं आहे ते तिथेच दिसतं. लग्नानंतर कळलं तर ‘फसवलं’ हा शब्द येतो आणि तो भावाच्या मृत्यूपेक्षा जास्त दिवस घरात राहतो. काही स्थळं परत जातील. जाऊ द्यावीत.

वर्षश्राद्ध होतं, पीएमची फाईल कपाटात वर जाते, आणि मग लग्नाच्या पंगतीत एखादी अनोळखी बाई आईला सहज विचारते, “तुम्हाला मुलं किती?” या प्रश्नाची तयारी कुणीच केलेली नसते. ‘एक’ म्हटलं तर रात्रभर गेलेल्याला नाकारल्यासारखं वाटत राहतं. ‘दोन’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, थोरला काय करतो? त्याचंही वाक्य आधीच, घरी, दोन-चारदा मोठ्याने म्हणून ठेवावं. “दोन. थोरला गेला. धाकटी नाशिकला असते.” आणि लगेच ताटातल्या जिलबीबद्दल बोलायला लागावं.